बोर्ड

हा शब्द आमच्याकडे आला तो खांबाला ठोकून.
दिवाळ्याच्या खारीत, आमच्या बांधावर,
आडवी फळी, निळा रंग, पांढरी अक्षरं.
मी दुसरीत. जोडाक्षरावर अडखळत वाचलं:
ही जागा अमक्याच्या मालकीची आहे.
"आपला नाव हाय का त्याव?" बाबांनी विचारलं.
नव्हतं.
बाबांनी मग अक्षरं सोडून फळीलाच बोट वाजवून बघितलं.
"साग हाय," म्हणाले, "फुकट घालवला."

पदाजीकाका म्हणाला, जमीन बोर्डाची झाली.
मला वाटलं, बोर्ड नावाचा कुणी माणूस असेल.
उंच. टोपीवाला. बेलापूरला राहणारा.
पुढे कळत गेलं, त्याचे हात फार लांब आहेत.
तोच गावात वीज आणायचा,
बिल थकलं की तोच कापायचा.
दहावीला माझा पेपर त्यानेच तपासला
आणि गणितात पस्तीस देऊन सोडलं.
आईने पेढे वाटले ते बोर्डात पास झाले म्हणून.
बोर्डातून बाहेर पडले, असं म्हणायला हवं होतं.

बाबा होड्या बांधायचे.
तळाला ऐन, अंगाला साग, फळीला फळी भिडवून
मध्ये कापूस आणि राळ.
होड्या कमी झाल्या तसे ते सीवूड्सच्या टॉवरात गेले,
सतराव्या मजल्यावर लोकांचे कबर्ड करायला.
तिथे सगळे म्हणायचे, जोमाशेठ, बोर्ड आणा, एकोणीसचा.
बाबा आणायचे, कापायचे,
कापलेली कड मला दाखवायचे:
आत नुसते तुकडे, वरून गुळगुळीत.
"याला पाण्यान टाक. सकाळी बिस्कूट."

आता मी नेरूळला इंग्रजी शिकवते.
शाळेच्या जाड डिक्शनरीत एकदा
भलताच शब्द शोधताना हा सापडला.
दोन पानं एकट्याने अडवून बसलेला.
रविवारी ओट्यावर बाबांना सांगितलं:
पहिल्यांदा नुसती फळी.
मग दोन घोड्यांवर टाकलेली फळी, म्हणजे टेबल.
मग टेबलावरचं जेवण, त्यालाही बोर्ड.
मग टेबलाभोवती बसून ठरवणारे साहेब, तेही.
आणि कबर्ड म्हणजे कप मांडायची फळी, बाबा,
तुम्ही त्यात लोकांच्या साड्या ठेवल्यात.

ते रंधा पुसत ऐकत होते.
"म्हंजे फळीव जेवले, नि जेवणारंच फळी झालं?"
हो.
"नि फळी केली त्याला काय म्हंतान?"
मी सुतार म्हणाले.
"तो वेगला शब्द झाला," बाबा म्हणाले,
आणि रंध्याचं पातं उन्हात धरून बघू लागले.

एक सांगायचं राहिलं.
तिथेच खाली लिहिलं होतं, की हे मुळात दोन शब्द:
एक फळी,
दुसरा जहाजाची कड.
बोलता बोलता लोकांनी मिसळले,
आता वेगळे काढता येत नाहीत.
कडेच्या आत तो बोर्डावर,
कडेवरून गेला तो पाण्यात.
हे मी सोमवारी सांगणार होते,
मग शुक्रवारी, मग सहामाहीचे पेपर आले,
मग बाबांना ऐकू येईनासं झालं,
मग बाबाच.

परवा पदाजीकाकाच्या होडीत बसले,
जेट्टीपासून पलीकडच्या खाजणापर्यंत, उगाच.
उजव्या कडेला एक ठिगळ आहे.
"तुझ्या बापाचा काम," काका म्हणाला,
"खारीतला बोर्ड पडला ना, त्या सालचा.
रातचा उचलून आनला. रंधा मारू देईना, जाडी कमी होईल म्हने."
मी वाकले.
निळा रंग बहुतेक गेलेला,
खवले चिकटलेले, जाळं ओढून ओढून घासलेलं,
आणि पायाजवळ, उलटी,
अजून वाचता येणारी तीन अक्षरं:
कीची.
पुढचं "आहे" बाबांनी कापलं होतं.
फळी तेवढीच लागत होती.