डोळा, पाणी, पराणी

त्रेसष्ट सालचा मार्च. सालोनिकाच्या बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर
सिन्योरा रेना कॉफी दोनदा उकळतात
आणि मी एका शब्दापाशी नऊ दिवस अडलोय.
आमाल.

कोश म्हणतो : श्रम. मग : क्लेश.
मग खाली, बारीक टायपात : उपद्रव, दुष्टावा.
म्हणजे राबणाऱ्याचं आणि राबवणाऱ्याचं
एकाच पोत्यात भरलेलं.
मी ‘मेहनत’ लिहितो, खोडतो;
फार धुतलेली वाटते ती, शाळेच्या भिंतीवरची.
या शब्दाचा अरबी भाऊ कधीच माझ्या भाषेत आला,
‘अंमल’ होऊन बसला सरकारदरबारी, लोडाला टेकून.
त्याला विचारण्यात अर्थ नाही.

कुठे अडलं, त्या विचारतात.
कागद दाखवला तर चष्मा लावत नाहीत.
माझा बाप हमाल होता, म्हणतात,
आणि मी चमकतो, कारण हा शब्द
माझ्या गावच्या धक्क्यावरही चुंबळ घेऊन उभा असतो.
आमाल आणि हमाल सख्खे नाहीत,
गोत्र वेगळं, मूळ वेगळं.
पण पाठीला कुठलं व्याकरण?

शेमटोव नाव. पाठीवर चामड्याचं खोगीर.
तंबाखूच्या गाठी, साखर, एकदा वरच्या आळीत
आरशाचं कपाट.
लोकांना दिसलं : आभाळ चढ चढतंय
आणि आभाळाखाली दोन पाय.
शनिवारी मात्र अख्खं बंदर बंद.
कप्तान शिव्या घालायचे तीन भाषांत,
खोगीर खुंटीवर, आणि बाप
त्याच्याकडे पाठ करून बसलेला, दिवसभर.

वाचता यायचं नाही त्याला. तीनच अक्षरं ठाऊक,
एका लेखनिकाचे बोजे वाहिले, त्या बदल्यात शिकलेली.
आयिन म्हणजे डोळा. मेम म्हणजे पाणी.
लामेद म्हणजे बैल हाकायची पराणी.
डोळा, पाणी, पराणी.
झाला शब्द, म्हणायचा, आता जेवायला वाढा.

आणि आई?
सिन्योरा रेना कप विसळतात, उगाच, पुन्हा.
तिचा शब्द दुसरा. इत्सावोन.
शेताचा तोच, बाळंतिणीचा तोच.
सात वेळा वेणा, तीन वेळा पाळणा.
इथे माझी मराठी आधीच येऊन थांबलेली होती :
जिला कष्ट ती कष्टी,
मधे फक्त एक वेलांटी.

खाली थ्रासिवुलोस मासळीचा बर्फ फोडतो.
त्याचा शब्द कोपोस.
मुळात घाव, म्हणे, लाकडावरचा;
मग नुसता थकवा.
दिवसभर कुणी बोट लावलं नाही
तरी संध्याकाळी अंग ठेचून निघाल्यासारखं,
तेव्हा मारलं कुणी?
तो हातोडी खाली ठेवत नाही. गिऱ्हाईक आहे.

रविवारी त्या मला एका अंगणात नेतात.
बेचाळीस साली कबरस्तान उखडलं,
दगड वाटले गेले, जो नेईल त्याचे :
गटाराला, भिंतीला, पायरीला.
ही पायरी. ओळ अर्धी तुटलेली,
‘विसावला आपल्या’ एवढं मी जुळवतो अंदाजाने,
पुढे तीन अक्षरं, टाचांनी गुळगुळीत झालेली.
बापाची नव्हे. बापाची सापडली नाही.
कुणाची तरी.

सतरा-अठराचा एक पोरगा सिमेंटची गोणी घेऊन येतो,
पायरीवर टेकवतो, स्वतः तिच्याशेजारी बसतो,
नेमका पाण्यावर आणि पराणीवर.
मी म्हणतो, जरा बाजूला होशील?
तो म्हणतो, दम खाऊ द्या, सकाळपासून चाळीस झाल्या.

बसू दे, सिन्योरा रेना म्हणतात,
आणि त्याच्या खांद्यावरची पांढरी धूळ झटकतात
रुमालाने, कुणाच्या ओळखीचा असावा तशी.

डोळा तेवढा उघडा राहिलाय, त्याच्या गुडघ्यापाशी.
माझ्या कागदावर अजून
खोडलेले चार शब्द, आणि जागा.