टेकलेलं झाड

परवा रात्री साडेनवाला वारा कुपवाडच्या बाजूनं आला,
विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीचे पत्रे वाजवून गेला,
आणि मागच्या दारचा शिरीष
मोडला नाही, आडवाही झाला नाही,
नुसता टेकला.
खांदा आरवाड्यांच्या गच्चीच्या कठड्यावर,
एक हात विजेच्या तारेवर.
लग्नाहून दमून आलेला माणूस
जिन्यात मध्येच थांबतो, तसा.

सकाळी ह्यांच्या हातात कोयता.
सत्तरीला दोन कमी.
"तीस वर्षं कारखान्यात बॉयलरवर काढली,
फांदी ती काय!"
मी काही बोलले नाही.
शिडीवर ओली चादर वाळत घातली.
संसारात नाही म्हणायच्या
अशाही काही रीती असतात.

दस्तगीर मिरजेहून आला दहाला,
दोर खांद्यावर, भाचा मागं.
झाडाला हात लावला नाही.
फाटकाबाहेरूनच बघितलं,
चहा घेतला, पुन्हा बघितलं.
"पडलंय की, आता कसली भीती?" हे म्हणाले.
"पडायचंय अजून, सायेब.
आत्ता नुसतं टेकलंय.
पडलेल्या झाडाला मी भीत न्हाय."

"तार तर मेलीय," आरवाडे वरून ओरडले,
"लाईट नाही परवापासून."
"मेलेली कुणी बघितली?
तुमच्याकडं इन्व्हर्टर, समोर डॉक्टरांकडं जनरेटर.
उलटी बी येती लाईट कधी, मागच्या दारानं.
आणि गच्चीवरनं आत जावा आधी."

वायरमन आला दीडला.
तोवर आम्ही सगळे आपल्याच अंगणाबाहेर
खुर्च्या टाकून बसलो,
परक्याच्या दारात बसल्यासारखे.

मग खांबावरची तार सुटली,
आणि भाच्यानं माझ्या कुंड्या उचलल्या, सगळ्या.
"त्या मध्ये येत नाहीत रे," मी म्हटलं.
"फांदीच्या न्हाय, मावशी. मामाच्या.
पळायची वाट आधी, करवत नंतर."

वाकलेल्या फांदीत राग असतो, दस्तगीर सांगत होता,
मला नाही, भाच्याला;
पण मी पदर खोचून ऐकत होते.
आधी पोटाकडनं चिमूटभर,
मग पाठीकडनं, हळू.
पाठ आधी कापलीस तर चिरंल
आणि उसळून तोंडावर यील.
मी ह्यांच्याकडे बघितलं नाही.
त्यांनीही नाही.

दोराचं एक टोक त्यांच्या हातात दिलं होतं,
लांब, फाटकापाशी,
कदाचित नुसतं मन राखायला.
त्यांनी ते असं धरलं होतं
की सगळं झाड त्यांच्याच तळहातावर तोललंय.

तीनदा ठिणग्या उडाल्या.
खोडाच्या आत आमची कपडे वाळवायची तार,
पोरीच्या बाळंतपणात बांधलेली.
झाडानं ती गिळली होती,
कुणाला न सांगता.

शेवटी बुंधा.
दस्तगीर उकिडवा बसला, बोटानं माती उकरली.
"ही मुळं कुणी तोडली?
वाऱ्याच्या अंगची सगळी?"
गाडी लावायला दोन वर्षांमागं फरशी घातली होती.
फरशी नीट बसत नव्हती.
गवंड्याला कुऱ्हाड आम्हीच दिली होती.
करवत बंद होती.
गल्लीत इतकी शांतता
की कुकरची शिट्टी तीन घरांपलीकडून ऐकू आली.

हे म्हणाले, "वारा फार होता परवा."
दस्तगीर म्हणाला, "व्हय, वारा होता."
आणि दोर गुंडाळायला लागला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ऊन आलं,
सव्वीस वर्षांत कधी न आलेलं,
थेट ताटावर.
आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात.
रोज ह्या वेळी मी घाई करायची:
चला, अंधारलं, आटपा.
आज हे हात धुऊन बसले तरी
उजेड जाईना.
घास हातात धरून म्हणाले,
"वेळ आहे गं अजून."
आणि किती वेळ
जेवलेच नाहीत.