ळ नसलेला बाजार

शिरुडे सरांनी तीन महिने माझी जीभ मागे वळवली.
आणखी मागे, म्हणायचे, टाळूला लागू दे:
केळी. मुळा. जांभूळ. काळजी.
आमच्या लुगांडात ल आणि र
एकमेकांचे कपडे घालून फिरतात,
त्यात हा तिसरा,
दारातच अडकणारा.

शेवटी जमला.
त्याच आठवड्यात पिशवी घेऊन अडावदच्या बाजाराला गेले
तर तिथे ळ कुणाकडेच नव्हता.

"केया? केया कोन इकत लेस वं, माय?"
ठगूबाई हसली, शेजारचा लसूणवाला हसला.
आले त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी,
दिल्लीला निघालेल्या ट्रकांत केळी,
बाजारात तेवढी नाहीत.
जे सगळ्यांच्या बांधावर आहे ते मांडायचं कुणासाठी?
दिवसभर मी प्रयोगशाळेत बाटल्यांमधून केळीचे कोंब वाढवते,
हजार कोंब, एकच चेहरा,
आणि रात्री शिजवायला एक कच्चं केळं मिळेना.

गिलकी घेतली. भरताच्या हिरव्या वांग्यांचा एक वाटा.
तोलून झाल्यावर तिने वर चार मिरच्या टाकल्या.
याला आमच्याकडे शब्द आहे, न्योंगेझा.
इथे काय म्हणतात, विचारलं.
ती बराच वेळ आठवत राहिली.
"काहीच नही. नुसतं टाकतस."

"नाव काय तुनं?"
नाकातो.
"नाकमा?"
वाकून तिने माझं नाक नीट पाहिलं.
"नाकमा तं काहीच नही तुना."
हे खरं होतं.
मग मी पुस्तकातल्या मराठीत समजावलं:
जुळ्यांमधली नंतर जन्मते ती नाकातो,
आधीची बाबिर्ये, ती मासाकात असते,
रागावली की फोन उचलत नाही.
जुळी हा शब्द मी अगदी टाळूला टेकवून म्हटला.
"जुई," ठगूबाई म्हणाली. "जुई शे मंग तू."
तेव्हापासून भाजीच्या त्या ओळीत मी जुई.

एक पोरगा मागून ओरडला, काई बाई, काई बाई.
ठगूबाईने कांद्याची पात फेकून मारली त्याला.
मी त्या क्षणी एवढंच ऐकत होते
की काळीमधलाही ळ गेलाय.
राग घरी आला,
भांडी घासताना.

पुढच्या बाजाराला
गोणपाटाखालून तिने एक फणी काढली,
भाच्याच्या मळ्यातली, वाकडी,
ट्रकवाल्याने बाजूला टाकलेली.
"ली जाय."
पैसे काढले तर माझी मूठ तिने तशीच मिटली,
तिच्या हाताला मेथीचा वास.

सोललं, पानात बांधलं, वाफवलं.
मातोके नव्हतं ते.
चिकट, मधेच गोडसर. जातच दुसरी,
आणि हे मला कळायला नको?
तिचं नाव रोज मीच लिहिते बाटलीवर.
तरी ओट्याशी उभी राहून, भांड्यातूनच, सगळं संपवलं.
बाबिर्येने त्या रात्री फोन उचलला.
म्हणाली, पान उलटं बांधलं असशील.
नेहमी उलटंच बांधतेस.

"कशा लागन्यात केया, जुई?"
छान म्हणता आलं असतं.
छान हा सोपा शब्द आहे, त्याला जीभ वळवावी लागत नाही.
"येगयी," मी म्हटलं.
लसूणवाल्याने मान वर केली.
ठगूबाईने तो शब्द वांग्यासारखा उलटापालटा करून पाहिला,
कीड नाहीसं बघून ठेवून दिला,
आणि गिलक्यांचा भाव सांगितला:
मागच्यापेक्षा दहा रुपये जास्त,
गावातल्या बायकांना सांगते तसा,
घासाघीस होणारच हे धरून.

मी पिशवी खाली ठेवली.
कमरेवर हात ठेवला.