पंच्याहत्तर टक्के

बी.ए., गुन्हेगारीशास्त्र, पहिलं वर्ष.
आई म्हणाली, त्यात काय शिकवत्यात?
म्हटलं, चोरी का होते, कोण करतं, कशी शोधतात.
मग फी कशाला भरायची, म्हणाली,
चुलत्याला इचार की. फुकटात सांगंल.

काका सांगत नाही.
उन्हाळ्यात काका गच्चीवर झोपतो
चपला उशाला घेऊन.

वर्गात आम्ही तेवीस जण.
श्रावणी येमूलला जज व्हायचंय,
मुजम्मिल बागवानला फौजदार,
मागच्या बाकावरच्या दोघांना दुसरीकडं कुठं
प्रवेश मिळाला नव्हता.
मला काय व्हायचंय ते कुणी विचारलं नाही.
पत्ता विचारला.
सेटलमेंट, म्हटलं.
श्रावणीनं पर्सची चेन लावली,
मग तिचं तिलाच कळलं, आणि पुन्हा उघडली.

बिराजदार मॅडम कडक आहेत.
पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल
तर परीक्षेला बसू देत नाहीत.
आजोबा असते तर हसले असते,
त्यांची शंभर टक्के होती.
तारेच्या आत, भोंगा झाला की ओळीत,
नाव पुकारलं की उकिडवं बसायचं.
गिरणीत पाळी असली तर चिठ्ठी.
चिठ्ठी हरवली तर
(इथं आले की आजोबा तंबाखू मळायला घ्यायचे).

तिसऱ्या प्रकरणात इटलीचा एक डॉक्टर येतो.
त्यानं कैद्यांच्या कवट्या मोजल्या, म्हणाला,
जन्मजात गुन्हेगार दिसतोच:
लांब हात, पुढं आलेला जबडा, मोठे कान.
मॅडम म्हणाल्या, हे आता कुणी मानत नाही.
परीक्षेला येतं मात्र, दहा मार्कांना.
त्या रात्री आई भाकरी थापत होती,
मी तिचे कान बघत होते.
मग आरशात माझे.
मग फोनवर श्रावणीचा फोटो मोठा करून तिचे.
तिचे जास्त मोठे आहेत.

ऑक्टोबरात प्रॅक्टिकल, बोटांचे ठसे.
घरातल्या एकाचे दहाही आणायचे.
नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत
बोट लोळवायचं, दाबायचं नाही.
बाबा कारखान्यातून आले, भुवयांवर सुताची भुकटी.
काचेवर शाई पसरून म्हटलं, हात द्या.
त्यांनी हात मागं घेतला.
"मार्कांसाठी आहे, बाबा."
"कागद कुठं जाणार?"
"कॉलेजात."
"तिथनं पुढं?"

तिथून पुढचं आम्हाला अजून शिकवलेलं नव्हतं.

तरी दिला हात.
अंगठा, तर्जनी, मधलं, करंगळीपर्यंत गेले,
एक रेष उमटली नाही.
सव्वीस वर्षं टॉवेलचं सूत ओढून,
ब्लीचच्या हौदात हात घालून
बोटं गुळगुळीत झालेली.
दहा काळे डाग, भुईमुगाच्या दाण्याएवढे.
रेशनच्या मशीनलाही हा माणूस पटत नाही,
दर महिन्याला आईच जाते.
बाबा कागदाकडं बघत राहिले,
मग इतके हसले की दाढेतलं चांदी भरलेलं दिसलं.
"आता सुटलो बघ," म्हणाले,
"आता कुठं खरा सुटलो."

मॅडमनी लाल पेनानं लिहिलं,
नमुना अस्पष्ट. पुन्हा घ्यावा.
मी घेतला नाही. पंधरापैकी चार.

माझी हजेरी सध्या एक्क्याऐंशी आहे.
पंच्याहत्तर कॉलेजची,
वरचे सहा टक्के माझे.
मंगळवारी त्यातला एक तास काढला
आणि तलावाच्या कठड्यावर जाऊन बसले,
कुणाला न सांगता, कुठलीच चिठ्ठी न घेता.
भाजक्या शेंगांचा पुडा, ऊन, पाण्यात देवळाची सावली.
एक हवालदार दोनदा समोरून गेला.
उठताना टरफलं गोळा करून पुड्यात भरली.
शेंगा मीच खाल्ल्या होत्या.