रेखापूर्ण

ऑगस्टात रास अल खैमाला
झाकण उघडं राहिलं, तर जस्ताचं नायट्रेट
बाटलीतल्या बाटलीत पाणी होतं.
म्हणून वजन घाईनं करायचं.
हवेतला दमटपणा पीत
काट्याचा आकडा वर सरकत असतो.
गुलझमीन म्हणतो, बाई, इथं मिठालाही घाम फुटतो.

मग युरिया.
आचऱ्याच्या सोसायटीत फाटक्या गोणीतून सांडायचा
तोच, तसाच, गोल पांढरा.
पण इथं तो खत नाही, सरपण आहे.
तिनास पाच.
कमी पडला तर नुसतं धुमसत बसतं, तांबूस धूर सोडत;
जास्त झाला तर काजळी धरते.

भट्टी पाचशेवर.
बशीत आधी पाणी उकळतं,
मग पाक होतो, एकतारी, दोनतारी,
मग फेस चढू लागतो
आणि कुठल्यातरी कडेला
एक ठिणगी.
तेवढ्यावरून सगळं आपलं आपण पेटतं,
भट्टीला विचारतसुद्धा नाही.

पाच मिनिटं.
बाहेर काढताना पिवळं, पिकल्या लिंबासारखं,
निवता निवता पांढरं.
बशी काठोकाठ भरलेली, जाळीदार, फुगलेली,
आणि वजन चार ग्रॅम.
बाकीचं सगळं वाफ होऊन
धुराड्यातून डोंगराकडे गेलेलं.

नाना यशदभस्म करायचे.
लोखंडी कढईत जस्त, वर आघाड्याची पूड, ढवळत ढवळत.
मग कोरफडीच्या रसात खल,
मग शेण्यांचा खड्डा, मग पुन्हा खल.
किती पुटं झाली ते दारामागे
कोळशाच्या रेघांनी मांडलेलं असायचं.
मला वाटायचं, कुणाची तरी शिक्षा चाललीय.
घाई केली की भस्म पोटात बोलतं, म्हणायचे.

मागच्या महिन्यात फोनवर सांगितलं,
नाना, पाच मिनिटांत होतं.
पलीकडे पंख्याचा आवाज.
कण किती बारीक, ते मोजायचं यंत्र आहे, म्हटलं,
तिकडच्या तुमच्या खोलीएवढं.
"ते असू दे," म्हणाले. "तरंगतं का?"

काल पाळी संपल्यावर
हुमैदसाहेब गेल्याची खात्री करून
बीकरभर पाण्यावर एक चिमूट सोडली.
राहिली वर.
खाली गेली नसेलच असं नाही,
मी तितका वेळ थांबले नाही.

दुसरी परीक्षा हातमोजा काढून करायची असते.
नियमात बसत नाही.
अंगठा आणि तर्जनीत जरासं घासलं.
हाताला काही लागलंच नाही,
नुसत्या रेघा पांढऱ्या झाल्या,
एकूण एक,
अंगठ्यावरचा भोवरासुद्धा.
झटकून जाईना.

फाटकाशी हजेरीचं यंत्र.
अंगठा ठेवला. लाल दिवा.
पुसून ठेवला. लाल.
मागे रांग वाढली, कुणीतरी मल्याळीत पुटपुटलं.
गुलझमीन ओरडला, बाई, हात धुऊन या ना!
सात वर्षं रोज मला ओळखणारं ते डबडं
पुन्हा प्रयत्न करा म्हणत राहिलं.

नळ दहा पावलांवर होता.
मी डावा अंगठा ठेवला.
उजवा मुठीत तसाच धरून
बसपर्यंत चालत गेले.