अंश

ओक्को नावाचा पोरगा माझ्या गुडघ्याला
कोनमापक लावतो, शाळेतल्यासारखाच,
फक्त लांब हातांचा,
आणि म्हणतो, बासष्ट.
मागच्या मंगळवारी एकोणसाठ होते.
तीन अंशांसाठी एक आठवडा.

खिडकीबाहेर काजानी गाव, उणे बावीस.
तेही अंशच.

मला माहीत होते ते होकायंत्राचे.
एकतीस वर्षं जंगलात धावले,
हातात घडी घातलेला नकाशा,
आपण जिथं आहोत तिथं अंगठा टेकवलेला,
पायाखाली दलदल, शेवाळ, ओले गोटे,
आणि कुठल्यातरी खडकामागे टांगलेली
केशरी-पांढरी निशाणी.
रस्त्यावर धावणाऱ्यांची मला कीव यायची.
पुढं काय आहे ते त्यांना दिसत असतं.

ऑगस्टमध्ये, नवव्या निशाणीकडे जाताना
एक कुजका ओंडका पायाखालून सरकला.
वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज.
मी आधी काटकीच शोधली.

मांडीमागून एक दोरी काढून
त्यांनी ती गुडघ्यात ओवली,
हाडाला भोक पाडून, सुईत दोरा ओवावा तशी.
शिवण चांगली आहे, असं हिल्का म्हणते.
हिल्का शेजारीण, वय ब्याऐंशी,
लाकूडगिरणीत जन्म गेला,
दोन्ही गुडघे बाजारातून आणलेले.
येताना राईची भाकरी आणते आणि
बसताना माझ्याआधी बसते.

घरात बसून मी घराचा नकाशा काढला.
प्रमाण एकास पन्नास.
पलंगापासून न्हाणीघर, अकरा मीटर, सपाट.
उंबरठा, जपून ओलांडण्यासारखा.
जिना म्हणजे सतरा समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या.
सौनाचा वरचा ओटा
जांभळ्या तिरप्या रेघांनी आखला. प्रवेशबंदी.
पहिल्या दिवशी न्हाणीघरापर्यंत
चार मिनिटं नऊ सेकंद.
वेळ लिहून ठेवली. सवय.

मार्चमध्ये बर्फ अजून कमरेएवढा,
आणि मी गुडघ्याला बाशिंग बांधून तयार.
ओक्कोनं बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
"ताइमी, तो दोरा अजून तुमचा झालेला नाही."
परत जाताना गाडीत मी त्याला
माझ्या आजोबांच्या भाषेत शिव्या दिल्या,
त्या भाषेत त्या फार लांब असतात.

शंभर. एकशे चार. मग तीन आठवडे एकशे चारच.

जूनमध्ये क्लबचा फोन आला.
रात्रीच्या शर्यतीसाठी निशाण्या लावायला माणूस हवाय,
चालत जायचंय, घाई नाही.
आयुष्यभर ज्या मी शोधल्या
त्या कुणीतरी आधी चालत जाऊन टांगलेल्या असतात
हे मला माहीत होतं. माहीत असण्यापुरतंच.

दहा निशाण्या पिशवीत, काठी हातात.
रात्र म्हणजे तिथं नुसता मवाळ उजेड, आणि डास.
नववी निशाणी त्याच उताराला.
ओंडका होता. माझी काहीच खूण नव्हती त्याच्यावर,
नवं शेवाळ, दोन अळंब्या.
निशाणी खालच्या खड्ड्यात हवी होती,
वाकायला गुडघा कुरकुरला,
मग एक पाय लांब पसरून
पंगतीत म्हातारं माणूस बसतं तशी बसले
आणि गाठ मारली. नीट बसली नाही. सोडून पुन्हा मारली.

परतायला हवं होतं. बसून राहिले.

पावणेदोनच्या सुमारास एक पोरगी आली,
सतरा-अठराची, नडगीवर ओरखडे,
निशाणीला यंत्र टेकवलं, यंत्र चिवकलं.
तिनं मला पाहिलंच नाही.
नकाशावर तिचा अंगठा
बोटभर पुढं सरकला
आणि ती भुर्जांत शिरली, चुकीच्या बाजूला,
ओढा डावीकडून जवळ पडतो.

मी ओरडले नाही. नियम आहे.

खिशात घराचा नकाशा होता, घामानं मऊ झालेला.
अंगठा त्याच्यावर केव्हा गेला कळलं नाही,
दारापाशी थांबला होता.