जागेचा रकाना

रात्री अकरानंतर वीबे स्वयंपाकघरात
काटा सोळाशेच्या पुढे सरकवतो,
केसभर, आणखी केसभर.
बाहेर ड्रेंथचं धुकं.
खरखर. मग अकॉर्डियन,
आणि मागे कुणाचा तरी कुत्रा.

बावीस वर्षं हेच ऐकलं
सरकारी गाडीत, मांडीवर नकाशा.
गोठ्यांतून, गवताखालून ट्रान्समीटर उचलून नेले.
एका बाईनं जप्तीच्या वेळी कॉफी दिली,
साखर किती ते विचारून.

आजचा आवाज घोगरा.
“यान्नाच्या नव्या गुडघ्यासाठी,” म्हणतो, आणि पोल्का.

रेडिओ टेबलावर जरा वळवला की
आवाज बुडतो:
आग्नेय. सात किलोमीटर, फार तर आठ.

पेन्सिल आपोआप हातात येते.
वीबे तारीख लिहितो, वेळ लिहितो.
जागेच्या रकान्यात:
कुत्रा भुंकला.